बॅटरीचे आयुष्य आणि अनुदानाची मुदत

औषधांना दाद न देणाऱ्या मिरगीवर मेंदूत किंवा मानेतल्या नसेत विजेचे सूक्ष्म स्पंद सोडून इलाज शोधणाऱ्या न्यूरोसर्जनला पैसा तीन कामांसाठी लागतो. योग्य रुग्ण शोधायला, यंत्र बसवायला आणि ते बसवल्यावर वर्षानुवर्षे त्या रुग्णाच्या मागे राहायला. पहिल्या दोन खर्चांसाठी अनुदानाच्या अर्जात रकाने असतात. तिसऱ्यासाठी बहुतेक वेळा नसतो, आणि हे संशोधन अडते ते तिथेच.

रुग्ण कुठे असतो हे जामसांवलीला गेल्यावर कळते. सौंसर तहसीलमधले हे गाव नागपूरपासून सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. पांढुर्णा आणि सौंसर मिळून २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, कचेरीची भाषा हिंदी, पण घराघरांत मराठी. इथल्या मंदिरातला हनुमान निजलेला आहे. मूर्तीच्या नाभीतून झिरपणारे पाणी तीर्थ म्हणून दिले जाते आणि त्याने दुखणी बरी होतात अशी श्रद्धा आहे. मंगळवारी-शनिवारी रीघ लागते. मनाचा आजार असलेले, झटके येणारे, अचानक बोलेनासे झालेले अशांना घेऊन घरची माणसे येतात. काही जण मुक्काम ठोकतात. या माणसांना अडाणी म्हणून मोकळे होणारा डॉक्टर स्वतःचेच नुकसान करून घेतो, कारण अशा कुटुंबाच्या पिशवीत प्रसादाच्या पुडीशेजारी बहुधा नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी इस्पितळाचा चुरगळलेला केसपेपर असतो, गोळ्यांची अर्धी पट्टी असते आणि कधीकाळी काढलेल्या सीटी स्कॅनची फिल्मही असते. दवाखाना त्यांनी सोडलेला नसतो. दवाखान्यात फरक पडेना म्हणून ते इकडेही आलेले असतात.

आजाराला इथे मिरगी म्हणतात, झटके म्हणतात, ‘फिट येते’ म्हणतात; फेफरे हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे आणि अपस्मार हा पुस्तकात. झटका आला की कोणीतरी कांदा फोडून नाकाला लावतो, कोणी चप्पल हुंगवतो. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, त्यामुळे कांद्याने गुण आला असे वाटते आणि पुढच्या वेळी पुन्हा कांदाच शोधला जातो. खरे भय असते ते झटका कुठे येतो याचे. चुलीपुढे, विहिरीच्या काठावर, संत्र्याच्या झाडाला लावलेल्या शिडीवर. आग, पाणी आणि उंची या तिन्हींपासून लांब राहा, असे डॉक्टर सांगतात. सौंसरच्या पट्ट्यात या तिन्हींपासून लांब राहिले तर पोट भरायचे कसे, हा प्रश्न उरतो.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि भारतातला आकडा १ कोटीच्या वर धरला जातो. ग्लासगोच्या क्वान आणि ब्रॉडी यांनी २००० साली दाखवले की पहिल्याच औषधाने ४७ टक्के रुग्णांचे झटके थांबतात, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांचे, आणि त्यानंतर औषधे बदलत राहण्याने फारच थोड्यांना पूर्ण आराम पडतो. साधारण एक-तृतीयांश रुग्ण औषधांना दाद देत नाहीत. योग्य निवडलेली दोन औषधे नीट घेऊनही झटके सुरूच राहिले तर तो औषधरोधी अपस्मार, अशी व्याख्या अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० साली केली. न्यूरोसर्जनचा संबंध या लोकांशी. त्यातल्या काहींच्या मेंदूत झटका जिथून सुटतो तो भाग सापडतो आणि काढता येतो. काहींमध्ये तो सापडत नाही, किंवा एकाहून जास्त ठिकाणी असतो, किंवा बोलण्या-चालण्याच्या केंद्रावरच बसलेला असतो. उद्दीपनाची यंत्रे मुख्यतः यांच्यासाठी.

हे सगळे ठरवायला लागते ती तपासणी वेळखाऊ असते. डोक्याला तारा चिकटवून, कॅमेऱ्यासमोर, रुग्णाला कित्येक दिवस पलंगावर ठेवावे लागते. औषधे हळूहळू कमी करायची आणि झटका येण्याची वाट पाहायची, म्हणजे घरी ज्याची धास्ती असते तेच इथे मुद्दाम होऊ द्यायचे. रात्री तीनला झटका येतो तेव्हा जागा असतो तो ईईजी तंत्रज्ञ. कोणता हात आधी वळला, मान कुठे फिरली, डोळे उघडे होते की मिटलेले, झटक्यानंतर नाव विचारल्यावर उत्तर किती सेकंदांनी आले, हे तो टिपतो. सर्जनचा सगळा बेत या टिपणावर उभा राहतो. अनुदानात हा तंत्रज्ञ ‘मनुष्यबळ’ या सदरात येतो, कंत्राटी, वर्षावर्षाच्या मुदतीचा. दुसरा हप्ता चार-सहा महिने लांबला की त्याचा पगार थकतो आणि एके दिवशी तो खासगी इस्पितळात रुजू होतो. नवा माणूस तयार व्हायला वर्ष लागते. प्रकल्प तीन वर्षांचा असेल तर त्यातले एक वर्ष गेले.

झटके मोजायचे कसे हाही पैशाचाच प्रश्न आहे. घरी आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारते. लाल फुली मोठ्या झटक्याची, निळी नुसते टक लावून पाहण्याची. ही फुली संशोधनातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचा आकडा असतो, पण तो अपुरा असतो. जर्मनीतल्या बॉनच्या एका अभ्यासात, जो २००७ साली प्रसिद्ध झाला, रुग्णांना झटक्यांची नोंद ठेवायला सांगून शेजारी व्हिडिओ-ईईजी चालू ठेवला होता. निम्म्याहून जास्त झटके नोंदीतून सुटले. झोपेतले तर बहुतेक सुटतात. मुलीच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा लग्नाला बाध आणणारा मुद्दा होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढला. कायद्यातून शब्द गेला, घरातली भीती गेली नाही. कॅलेंडर पाहुण्यांना दिसते म्हणून फुल्या वहीच्या शेवटच्या पानावर जातात, वही ट्रंकेत जाते, आणि तीन महिन्यांनी विचारल्यावर ‘पाच-सात आले असतील’ एवढेच हाती लागते.

अपस्मार, मेंदूचे विद्युत उद्दीपन आणि सर्जनने केलेली पैशाची खटपट या तिन्हींची गाठ पहिल्यांदा ठळकपणे बसली ती माँट्रियलमध्ये. तिथले न्यूरोसर्जन वाइल्डर पेनफील्ड रुग्णाला जागे ठेवून, फक्त टाळूला भूल देऊन कवटी उघडत आणि मेंदूच्या पृष्ठभागाला विजेच्या बारीक अग्राने स्पर्श करत. रुग्ण सांगे : अंगठा हलला, जिभेला मुंग्या आल्या, ओळखीचे गाणे ऐकू येतेय. त्या त्या जागी आकडा लिहिलेला कागदाचा लहानसा चतकोर ठेवला जाई. झटक्याची सुरुवात ज्या जागेला स्पर्श करून होते ती जागा कळली की काय काढायचे आणि काय राखायचे हे ठरे. त्यांच्या सख्ख्या बहिणीला झटके येत. १९२८ साली त्यांनीच तिच्या मेंदूतली गाठ काढली, पण सगळी काढता आली नाही आणि पुढच्या काही वर्षांत ती गेली.

अशा कामासाठी न्यूरोलॉजिस्ट, सर्जन, प्रयोगशाळा आणि खाटा एका छपराखाली हव्यात, अशी पेनफील्ड यांची खात्री होती. रॉकफेलर फाउंडेशनकडे त्यांनी मागणी केली, ती पहिल्यांदा नाकारली गेली. नेटाने पुन्हा केली. १९३२ साली मंजुरी मिळाली, १२ लाख डॉलरहून जास्त, आणि १९३४ साली माँट्रियल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूट उघडले. त्या रकमेची रचना आज वाचतानाही थांबायला लावते. मोठा वाटा कायम निधी म्हणून ठेवला होता. त्याच्या व्याजावर संशोधन चालायचे. रुग्णांच्या खर्चाला शहराने आणि प्रांताच्या सरकारने हातभार लावला. दर तीन वर्षांनी नवा अर्ज करून टिकून राहण्याची पाळी त्या सर्जनवर आली नाही. पुढे मेंदूच्या कोणत्या पट्टीवर हात, ओठ, पाऊल यांची जागा आहे याचा नकाशा तयार झाला तो शेकडो रुग्णांवरच्या नोंदी एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे जमत गेल्या म्हणून.

त्या संस्थेत शिकलेले डॉ. जेकब चँडी १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि भारतातला न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग त्यांनी उभा केला. तिथे १९५२ साली अपस्मारावरची शस्त्रक्रिया झाली. वेल्लोरहून एक धागा विदर्भापर्यंत येतो. तिथल्या न्यूरोलॉजी विभागात काम केलेले डॉ. जी. एम. टावरी यांनी नागपुरात सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस काढले, आणि खाटांच्या जोडीला प्रयोगशाळा ठेवली. नागपूरचेच न्यूरोलॉजिस्ट डॉ. चंद्रशेखर मेश्राम, २०२४ चे पद्मश्री, यांनी मेंदूच्या आजारांबद्दल लोकांशी सोप्या भाषेत बोलण्याचे काम वर्षानुवर्षे केले. मुंबईच्या केईएममध्ये अपस्माराच्या शस्त्रक्रिया सार्वजनिक इस्पितळात होतात, जसलोकमध्ये डॉ. परेश दोशी यांनी मेंदूतल्या खोल उद्दीपनाची सुरुवात मुख्यतः कंपवातासाठी केली, आणि डॉ. निर्मल सूर्या यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे घेतली. जामसांवलीचा रुग्ण यातल्या नागपूरपासून बसने दोन तासांवर आहे. आयुष्मान कार्ड राज्याबाहेरच्या नोंदणीकृत इस्पितळातही चालते, त्यामुळे मध्य प्रदेशाच्या रुग्णाला नागपूर कागदोपत्री बंद नाही. त्या कार्डाची कुटुंबामागे वर्षाची मर्यादा ५ लाख रुपये आहे. परदेशी उद्दीपक एकटाच काही लाखांचा असतो.

उद्दीपनाचे आज तीन मुख्य प्रकार आहेत. पहिला व्हेगस नसेचा. मानेच्या डाव्या बाजूने जाणाऱ्या या नसेभोवती तार गुंडाळतात आणि घड्याळाएवढी डबी गळ्याच्या हाडाच्या खालच्या बाजूला, छातीच्या कातडीखाली बसवतात. साधारणपणे ती तीस सेकंद स्पंद सोडते आणि पाच मिनिटे थांबते, रात्रंदिवस. अमेरिकेत १९९७ साली तिला मान्यता मिळाली. तिच्याबरोबर एक लोहचुंबक मिळते. झटका येतोय असे वाटले की रुग्णाने किंवा घरच्याने ते छातीवरून एकदा फिरवायचे, की डबी जादा स्पंद सोडते. ज्या आईच्या हातात आजवर कांद्याखेरीज काही नव्हते तिच्या हातात हे चुंबक येते. किती झटके त्याने थांबतात याचे आकडे माफक आहेत, पण झटक्याच्या वेळी करण्याजोगे काहीतरी आपल्या हातात असणे याचे त्या घरात फार मोल असते. अर्जाच्या कुठल्याच रकान्यात ते मोजले जात नाही.

दुसरा प्रकार मेंदूतल्या खोल उद्दीपनाचा. थॅलॅमसच्या पुढच्या केंद्रकात दोन्ही बाजूंनी तारा बसवतात. ११० रुग्णांवर झालेली ‘सांते’ ही चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत मान्यता मिळाली २०१८ साली. तिसरा प्रकार प्रतिसादी उद्दीपनाचा. यंत्र कवटीतच बसते, मेंदूतली विद्युत हालचाल सतत वाचत राहते आणि झटक्याची चाहूल लागली की तेवढ्यापुरते स्पंद सोडते. त्याला २०१३ साली मान्यता मिळाली. बाहेरून, कवटी न उघडता चुंबकीय किंवा मंद विद्युत उद्दीपन देण्याचे प्रयोगही चालू आहेत आणि खर्चाच्या दृष्टीने ते भारताला जवळचे आहेत, पण त्यांचा परिणाम किती टिकतो हे अजून पक्के व्हायचे आहे.

या यंत्रांचे आकडे वर्षांच्या क्रमाने वाचले पाहिजेत. सांते चाचणीत पहिल्या तीन महिन्यांच्या अखेरीस उद्दीपन चालू असलेल्या गटात झटके मध्यकाने ४० टक्के कमी झाले आणि बंद असलेल्या गटात साडेचौदा टक्के. वर्षभराने घट ४१ टक्के होती. पाच वर्षांनी ६९ टक्के. प्रतिसादी उद्दीपनात पहिल्या वर्षाअखेर ४४ टक्के, दोन वर्षांनी ५३, आणि नऊ वर्षांनी ७५. दीर्घ पाठपुराव्यात गुण न आलेले काही जण गळतात आणि दरम्यान औषधेही बदलतात, हे धरूनही दिशा स्पष्ट आहे : विजेच्या स्पंदांचा गुण सावकाश चढतो. मेंदूची जाळी हळूहळू स्वतःला बदलते असा बहुतेकांचा कयास आहे. तीन वर्षांच्या अनुदानात पहिले वर्ष परवानग्या आणि खरेदीत जाते, दुसऱ्यात रुग्ण घेतले जातात, तिसऱ्यात अहवाल लिहावा लागतो. म्हणजे प्रत्येक रुग्णाचा वर्ष-दीड वर्षाचा निकाल हाती येतो, आणि जिथे यंत्राचा खरा गुण दिसू लागतो त्याच्या आधीच वही मिटते. असा अहवाल वाचून ‘फायदा माफक’ असा शेरा मारला जातो आणि पुढचा प्रस्ताव मागे पडतो. या क्षेत्रातली सर्वांत मोठी खोट हीच आहे.

भारतात पैसा देणारी दारे बरीच आहेत. १९११ साली इंडियन रिसर्च फंड असोसिएशन म्हणून सुरू झालेली आणि १९४९ पासून आयसीएमआर म्हणून ओळखली जाणारी परिषद, १९७१ चा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग, १९८६ चा जैवतंत्रज्ञान विभाग, त्या विभागाची आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टची मिळून चालणारी इंडिया अलायन्स, आणि २०२३ च्या कायद्याने आलेले अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. या शेवटच्या संस्थेसाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचा अंदाज मांडला गेला. त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. २०२०-२१ साली देशाने संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च केला.

सर्जनची गोष्ट इतर वैज्ञानिकांपेक्षा निराळी पडते, कारण त्याचा दिवस आधीच भरलेला असतो. सकाळी शस्त्रक्रियागृह, दुपारी बाह्यरुग्ण विभाग, आणि महामार्गावरचा अपघात आला की रात्र. अर्ज लिहायचा तो त्यातून उरलेल्या वेळात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची तरुण डॉक्टरांसाठीची अनुदाने मिळाली की वेळेचा तीन-चतुर्थांश संशोधनाला द्यावा लागतो, आणि शल्यविशारदांचा हात सुटू नये म्हणून त्यांना ही अट निम्म्यावर आणता येते. अनुदान संस्थेला दिलेले असते ते त्या सर्जनचा वेळ विकत घेण्यासाठी. इंडिया अलायन्सच्या डॉक्टरांसाठीच्या शिष्यवृत्त्यांत हा विचार आहे. सरकारी इस्पितळात मात्र पद मंजूर असेल तेवढेच सर्जन असतात. एकाने निम्मा वेळ प्रयोगशाळेत घालवला तर त्याची शस्त्रक्रियांची यादी कोण उचलणार, याचे उत्तर अनुदानाच्या पत्रात नसते.

पैसा मंजूर झाल्यावर हिशेबाचे काम सुरू होते. खर्चाचे विवरण आणि सरकारी वित्तीय नियमांच्या (जीएफआर) १२-ए नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याखेरीज पुढचा हप्ता सुटत नाही. ३१ मार्चपर्यंत न खर्चलेली रक्कम परत जाण्याची धास्ती असते, म्हणून फेब्रुवारीत जे मिळेल ते घेतले जाते आणि ऑगस्टमध्ये जे हवे असते त्यासाठी हात बांधलेले असतात. मेंदूच्या आतून झटक्याचा माग काढणारे इलेक्ट्रोड एक मिलिमीटरपेक्षा बारीक असतात, एका रुग्णाला आठ-दहा ते पंधरा लागतात, एकदा वापरले की टाकून द्यावे लागतात आणि बहुतेक परदेशातून येतात. २०२० साली २०० कोटींच्या आतल्या जागतिक निविदांवर बंधन आले होते. वैज्ञानिक साहित्याच्या बाबतीत ती परवानगी संस्थांच्या संचालकांकडे आणि कुलगुरूंकडे सोपवली गेली ती जून २०२५ मध्ये. मधल्या वर्षांत अनेक ठिकाणी रुग्ण तयार, खाट तयार, सर्जन तयार आणि इलेक्ट्रोड मंजुरीत अडकलेले, असे होत राहिले. रुग्ण घरी परत गेला. त्याचे झटके काही निविदेसाठी थांबले नाहीत.

एवढ्या अडचणींतूनही सार्वजनिक पैशावर पहिल्या दर्जाचे काम होते, याचा पुरावा दिल्लीच्या एम्सने दिला. औषधरोधी अपस्मार असलेल्या ११६ मुलांवरची त्यांची चाचणी २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. ५७ मुलांची शस्त्रक्रिया झाली, ५९ मुले औषधांवर राहिली. वर्षाअखेर पहिल्या गटातली ७७ टक्के मुले झटक्यांपासून मुक्त होती, दुसऱ्यातली ७ टक्के. शस्त्रक्रियेच्या गटात एक-तृतीयांश मुलांना गंभीर दुष्परिणामही झाले, त्यातले बरेचसे काढलेल्या भागामुळे अपेक्षितच होते, आणि लेखकांनी ते स्वच्छ मांडले. पैसा मुख्यतः आयसीएमआरचा होता. या चाचणीचा पाया मात्र मन हेलावणारा आहे. मुलांना निम्म्या-निम्म्याने वाटून एका गटाला वर्षभर थांबवणे नीतीला धरून होते, कारण शस्त्रक्रियेची प्रतीक्षायादी मुळातच तितकी लांब होती. टंचाई होती म्हणून प्रयोग करता आला.

उद्दीपनाच्या चाचणीत संमती घेण्याचा प्रसंग याहून अवघड असतो. आईसमोर हिंदीतला छापील कागद असतो. ती मान हलवते, पण विचार मराठीत करते. तिला सांगायचे असते ते असे : पोराच्या डोक्यात तारा बसतील, छातीत डबी बसेल, आणि पहिले तीन महिने ती चालू आहे की बंद हे तुम्हाला कळणार नाही, आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. ‘मग बसवता कशाला?’ हा तिचा प्रश्न अगदी बरोबर असतो. तीन महिन्यांनंतर सगळ्यांच्या डब्या चालू होतील, हे उत्तर तिला पटते. त्यापुढचा प्रश्न ती बहुधा पैसे सांभाळून खर्च करणाऱ्या बाईच्या सवयीने विचारते : बॅटरी किती दिवस चालते?

रिचार्ज न होणाऱ्या खोल उद्दीपकाची बॅटरी, स्पंदांची ताकद किती ठेवली आहे त्यावर, अनेकदा तीन ते पाच वर्षांत संपते. मग डबी बदलण्याची छोटी शस्त्रक्रिया आणि नवी डबी. अनुदान तोवर संपलेले असते. वैद्यकीय संशोधनाच्या नीतीचा हेलसिंकी जाहीरनामा, २०१३ च्या आवृत्तीत, स्पष्ट सांगत होता की चाचणी सुरू होण्याआधीच प्रायोजक, संशोधक आणि त्या देशाचे सरकार यांनी चाचणीनंतरच्या उपचाराची सोय करून ठेवावी. प्रत्यक्षात काय होऊ शकते हे अमेरिकेत दिसले. अंधांसाठी डोळ्यात रोपण करणारी सेकंड साइट ही कंपनी २०२० च्या सुमारास बुडायला आली आणि जगभरातल्या साडेतीनशेहून जास्त लोकांच्या डोळ्यांत दुरुस्ती न होणारी यंत्रे राहिली. ती कंपनी श्रीमंत देशातली होती, भांडवल बाजारातले होते. सौंसरच्या कुटुंबामागे तसले काहीच नसते. असतो तो एक सर्जन, त्याचा मोबाइल नंबर आणि बंद झालेला प्रकल्प क्रमांक.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या पैशाकडे बोट दाखवले जाते. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल या दोन्ही सार्वजनिक कंपन्यांची मुख्यालये नागपुरातच आहेत, आणि नफ्याच्या दोन टक्क्यांचा नियम त्यांनाही लागू आहे. पण त्या नियमात चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांची, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत दिलेली देणगी त्या दोन टक्क्यांत धरली जात नाही. १९३२ साली माँट्रियलला जो पैसा मिळाला त्या घडणीचा पैसा या वाटेने आज देताच येत नाही. हा नियम पळवाटा बुजवण्यासाठी आला हे खरे. ज्या आजारात गुण यायलाच पाच वर्षे लागतात आणि यंत्र बदलायला पुन्हा पैसा लागतो, त्याच्यासाठी यात अपवाद असायला हवा.

लांब पल्ल्याचा पैसा भारतात काय करून दाखवतो याचे उदाहरण तिरुवनंतपुरमला आहे. श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या गटाने हृदयाची कृत्रिम झडप बनवायला घेतली. आधीचे नमुने फसले, चौथा टिकला, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्या रुग्णाला बसली. तेव्हापासून एक लाखाहून अधिक माणसांच्या हृदयात ती बसली आहे, परदेशी झडपेच्या तुलनेत कितीतरी स्वस्तात. दहा-बारा वर्षे त्या गटाला कोणी उठवले नाही. त्याच संस्थेत पुढे अपस्माराचे सर्वंकष केंद्र सुरू झाले. मेंदूचा उद्दीपक हा झडपेपेक्षा गुंतागुंतीचा आहे, पण बॅटरी, तारा आणि डबी यांत देशात न बनण्यासारखे काही नाही. फसलेल्या तीन नमुन्यांचा खर्च सोसणारे खाते मात्र लागेल.

जागतिक आरोग्य सभेने २०२२ साली संमत केलेल्या मेंदूविकारांच्या कृती आराखड्यावरून अपस्मारासाठी २०३१ चे लक्ष्य ९०-८०-७० असे ठरले : ९० टक्के रुग्णांना हा आजार उपचारांनी आटोक्यात येतो हे ठाऊक असावे, ८० टक्क्यांना परवडणारी औषधे मिळावीत आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांचे झटके पुरेसे आटोक्यात यावेत. सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यासाठी यातले पहिले काम मंदिराच्या आवारातच होऊ शकते. तीर्थ घेऊन बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला ‘गोळी बंद करू नका’ एवढे मराठीत सांगणारी एक आरोग्यसेविका, एक नोंदवही आणि नागपूरच्या तपासणीची तारीख. हा खर्च एका इलेक्ट्रोडच्या पेटीपेक्षा कमी आहे, आणि संशोधनाला रुग्ण पुरवणारी, नंतर त्याचा माग ठेवणारी व्यवस्था हीच आहे. श्रद्धेशी भांडण काढून ती उभी राहणार नाही. देवळात येणाऱ्याला दवाखान्याची वाट दाखवणे आणि दवाखान्यातून परतल्यावर तो देवळात गेला तर त्याला न हिणवणे, एवढे तिला पुरते.

पाठपुराव्याच्या दिवशी काम साधे दिसते. सकाळच्या बसने आलेला रुग्ण स्टुलावर बसतो, सदऱ्याची वरची दोन बटणे सोडतो. तंत्रज्ञ साबणाच्या वडीएवढे वाचनयंत्र छातीवरच्या उंचवट्यावर धरतो. पडद्यावर तारांचा रोध, दिलेल्या स्पंदांची संख्या आणि बॅटरी किती उरली ते उमटते. आई पिशवीतून गुंडाळी केलेले कॅलेंडर काढते. दोघे मिळून महिन्यामागे फुल्या मोजतात, एकदा तो, एकदा ती, आकडा जुळेपर्यंत. सर्जन स्पंदांची ताकद किंचित वाढवतो, रुग्णाचा आवाज क्षणभर घोगरा होतो, ‘होईल नीट’ असे त्याला सांगितले जाते. पुढची तारीख केसपेपरच्या मागे लिहून देतात. तिकिटाचे पैसे प्रकल्पातून मिळत असतील तर अंगठा किंवा सही घेतात. प्रकल्प संपला असेल तर तंत्रज्ञ खिशात हात घालतो, आणि आई नको म्हणते.